केरबाअण्णांच्या बॅटऱ्या

“मेल्या दोन्ही,” केरबाअण्णा म्हणाले आणि त्यांनी हातातली पिशवी माझ्या काउंटरवर उपडी केली. ड्रिल मशीनच्या दोन बॅटऱ्या घरंगळत आल्या. एक माझ्या चहाच्या कपाला धडकली आणि अर्धा चहा वर्तमानपत्रावर सांडला.

“अहो अण्णा, बॅटऱ्या मेल्या तर मेल्या, माझा चहा कशाला मारताय?”

एरवी ते अशा बोलण्याला गडगडाटी हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. स्टूल पुढे ओढलं तरी बसले नाहीत. चहा मागवते म्हटलं तर म्हणाले, “नको, आत्ताच घिऊन आलोय.” केरबाअण्णा आणि चहाला नको म्हणतायत! मला तिथंच शंका यायला हवी होती, पण डोक्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम होतं.

तासगावला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान. जळलेल्या मोटारींत नवी तार भरायचं काम आमच्या ह्यांचं आणि बॅटऱ्यांचं माझं. बिनवायरची ड्रिल मशीनं आली तशी सगळ्या सुतारांनी, प्लंबरांनी ती घेतली. दोन-तीन वर्षं मजेत वापरली आणि मग एकेकाच्या बॅटऱ्या बसायला लागल्या. नवी बॅटरी घ्यायची तर ती मशीनच्या भावात, आणि जुनी टाकायची तर जीव होत नाही. मग लोक माझ्याकडे यायचे. ह्या बॅटरीचं पोट उघडलं की आत बोटाएवढे सेल असतात, एकमेकांना पट्टीनं जोडलेले. बहुतेक वेळा त्यातला एखादाच मेलेला असतो, पण तो बाकीच्यांना चालू देत नाही. तेवढा काढायचा, नवा जोडायचा, की बॅटरी पुन्हा कामाला लागते. लिहायला सोपं आहे. बोटं भाजून घेतल्याशिवाय मला ते आलं नाही.

केरबाअण्णा माझ्या माहेरच्या गल्लीतले. माझ्या वडिलांचे दोस्त, म्हणून मला इंदे म्हणायचे, आणि भर बाजारातसुद्धा अशी हाक मारायचे की चार माणसं वळून बघायची. सुतारकीत त्यांचं नाव मोठं होतं. कपाटं, माळे, किचन सगळंच करायचे, पण लोक त्यांना बोलवायचे ते दार चढवायला. केरबानं चढवलेलं दार एका बोटानं लागतं, असं आमच्याकडं म्हणायचे. घराची चौकट उभी करायची पूजा असली की टॉवेल-टोपीचा मान त्यांचाच. धाकटा भाऊ सदा त्यांच्या हाताखाली शिकला आणि तिथंच टिकला. सदा माझ्या बरोबरीचा. आम्ही एकाच गल्लीत पतंगावरून मारामाऱ्या केलेल्या. दोघा भावांची शेड एक, धंदा एक, दुपारचा डबासुद्धा एकच.

“दोन्ही एकदम कशा मेल्या, अण्णा?” मी विचारलं.

“सदानं मारल्या.”

“सदानं?”

“रातभर चार्जिंगला लावून ठेवतो. पत्र्याखाली उन्हात टाकतो. कितींदा सांगितलं. आता मशीन लाकडावर धरलं तर स्क्रू आत जात न्हाई. जोरच न्हाई बॅटरीत.”

“बरं, बघते मी. ठेवून जा.”

“नुसतं बघू नको. रविवारी शेडवर ये आणि सगळ्यांफुडं सांग, कशानं मेल्या ते. मामा येणार हायेत सांगलीस्नं. वाटणी करतोय.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “कसली वाटणी?”

“आमची. शेडची, अवजारांची. सदा वेगळा, मी वेगळा.”

“अण्णा, डोकं ठिकाणावर आहे का? बॅटरीपायी कुणी भाऊ सोडतं?”

“बॅटरीपायी न्हाई, इंदे. आज बॅटऱ्या मारल्या, उद्या धंदा मारंल. मी मामाला सांगितलंय, इंदू म्हणंल ते खरं. तिनं सांगितलं की सदाच्या हातनं मेल्या, तर वाटणी. न्हाई तर न्हाई. सदाबी व्हय म्हणालाय.”

एवढं बोलून ते गेले. मी बघतच राहिले. म्हणजे दोन सख्ख्या भावांनी एकत्र राहायचं की नाही, ते माझ्या तोंडावर! मी काय कोर्टात बसले होते का? मला मनापासून राग आला. भांडायचं तुम्ही आणि दगड मारायचा इंदूनं. पण बॅटऱ्या समोर पडल्या होत्या. मुकाट्यानं त्या उचलल्या.

मीटर लावला. दोन्ही भरलेल्या. पण नुसत्या मीटरवर जायचं नसतं. बॅटरी आणि जावई, कामाला लावल्याशिवाय कळत नाहीत, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचे. मीटरला भरलेली दाखवते आणि लाकडाला लावली की मान टाकते, अशा कितीतरी बघितल्या होत्या. म्हणून आमच्याच दुकानातल्या मशीनला अण्णांची बॅटरी लावली आणि मागच्या अंगणात बाभळीचा ओंडका पडला होता, त्याला भोकं पाडायला बसले. बाभूळ म्हणजे काय सांगायला नको. भोकं पाडून पाडून मशीन हाताला चटके द्यायला लागलं, पण बॅटरी काही दमेना. दुसरीचंही तेच. पोट उघडून एकेक सेल तपासला. सगळे भाऊ सारखे. मेलेला तर सोडा, म्हातारासुद्धा एक नव्हता.

ह्यांनी मान वर न करता विचारलं, “काय निघालं?”

“काही नाही. ठणठणीत आहेत.”

“मग मशीन गेलं असेल त्यांचं.”

मलाही तेच वाटलं. बॅटरी चांगली असली आणि मशीनच खराब असलं तर माणूस बिचाऱ्या बॅटरीलाच नावं ठेवतो. मी खूश झाले. मशीन खराब, म्हणजे सदाची चूक नाही, म्हणजे वाटणी नाही. मशीन ह्यांच्याकडून दुरुस्त करून देऊ, दोघा भावांना जेवायला बोलवू, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सदा आला. उन्हातनं आलेला, डोक्यावर भुशाचे कण. मी त्याला बघितल्याबरोबर म्हटलं, “ये रे, पेढे आण आधी. सुटलास तू! बॅटऱ्या एकदम चांगल्या आहेत. तुमचं मशीन गेलंय. जा, मशीन घेऊन ये.”

मला वाटलं, पोरगा नाचेल. पोरगा कसला, चाळिशी उलटलेला, पण मला तो पोरगाच. त्याचा चेहरा मात्र एवढासा झाला.

“मशीन चांगलं हाय, ताई,” तो म्हणाला.

“तुला काय माहीत?”

“मी रोज वापरतो की.”

“ह्याच बॅटऱ्यांवर?”

तो काउंटरवर दोन्ही हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, “ताई, एक ऐकशील? रविवारी सांग, मेल्यात म्हणून. सदानं मारल्या म्हणून सांग.”

“काय?”

“माझ्यावर घाल सगळं. रातभर चार्जिंगला लावल्या, उन्हात टाकल्या, काय वाट्टेल ते सांग.”

“आणि मग वाटणी होईल त्याचं काय?”

“हुईल तर हुईल. वेगळं झालं म्हणून भाऊ भाऊ न्हाई राहत व्हय?”

माझं टाळकंच सटकलं. “का रे सदा? तुला स्वतःला वेगळं व्हायचंय होय? म्हणजे निघायचं तर आहे, पण वाटणी मागितली असं नाव नको. थोरल्यानं हाकललं म्हणजे गाव तुलाच बिचारा म्हणणार. आणि त्यासाठी इंदूनं खोटं बोलायचं! मी काय खोटं बोलायला दुकान घालून बसलेय?”

“तसं न्हाई, ताई.”

“मग कसं?”

सदानं मान खाली घातली. आमच्यात लहानपणी भांडण झालं की तो असाच खाली मान घालून उभा राहायचा, आणि त्यामुळं मला आणखी चीड यायची.

“खोटं बोलवत नसंल तर एखादा सेल तोडून टाक,” तो म्हणाला. “मग खरंच मेली असं हुईल.”

“चालता हो! चांगल्या बॅटरीचा गळा मी दाबू? ऊठ इथनं!”

तो पायरी उतरला. उतरून पुन्हा वळला आणि म्हणाला, “काय सांगायचं ते सांग. फक्त अण्णाला चार माणसांत खाली बघाय लावू नको.” आणि सायकल घेऊन निघून गेला.

मी धुमसत बसले. अण्णाला खाली बघायला कशाला लागेल? खोटं तर तू बोलतोयस, असं मनात शंभरदा त्याला सुनावलं. शेवटी ठरवून टाकलं की रविवारी जायचं, सगळ्यांदेखत खरं सांगायचं आणि ह्या सदाचं पितळ उघडं पाडायचं.

रविवारी सकाळी बॅटऱ्या घेऊन शेडवर गेले तर तिथं सुतक असल्यासारखी शांतता. रंध्याचा आवाज नाही, करवतीचा आवाज नाही. लाकडी घोड्यांवर सागवानाचं एक दार आडवं ठेवलेलं, अर्धवट घासलेलं. जमिनीवर दोन पोती अंथरली होती आणि त्यांवर अवजारं मांडली होती. ह्या पोत्यावर एक रंधा, त्या पोत्यावर एक रंधा. इकडं पटाशा, तिकडं पटाशा. मला ते बघून कसंसंच झालं. ती अवजारं मी लहानपणापासून एकाच फळीवर बघत आले होते.

तातोबामामा खुर्चीवर बसले होते. दोघा भावांच्या आईचे हे थोरले भाऊ, पांढऱ्या मिशांचे, कानानं थोडे कमी. अण्णांच्या बायको हौसाक्का चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांचे डोळे सुजलेले दिसत होते. सदा खांबाला टेकून उभा होता.

“रीत म्हाईत हाय ना?” मामा मोठ्यानं म्हणाले. “थोरल्यानं वाटं घालायचं आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हंजे थोरल्याला वाकडं वाटं घालता येत न्हाईत. केरबानं घातल्यात. आता ही पोरगी काय म्हणतीया ते ऐकू, आणि मग बघू.”

“सांग इंदे,” अण्णा म्हणाले. ते भिंतीकडं तोंड करून उभे होते.

“सांगते. पण आधी मशीन बघू द्या.”

“मशीन कशाला?”

“बॅटरी एकटी काम करते होय, अण्णा? मशीनसुद्धा बघायला नको? आणा इकडं.”

सदानं मशीन आणून दिलं. अजूनही ऐक, अशी विनवणी करत असल्यासारखं माझ्याकडं बघितलं. मी तोंड फिरवलं. बॅटरी खटकन बसवली, बटण दाबलं. मशीन गाणं म्हटल्यासारखं फिरलं. ना खरखर, ना वास. म्हणजे मशीनही चांगलं. आता मात्र मला काही सुधरेना. बॅटरी चांगली, मशीन चांगलं, आणि स्क्रू आत जात नाही?

“अण्णा, तुम्ही कसं धरता ते दाखवा. ह्या फळीवर एक स्क्रू मारा.”

“मी कशाला? सदा मारंल.”

“तक्रार तुमची आहे. सदाची नाही.”

“धर की केरबा,” मामा म्हणाले. “एक स्क्रू मारायला काय पंचांग बघायचंय?”

अण्णांनी मशीन घेतलं. उजव्या हातात धरलं आणि लगेच खालनं डावा हात लावला. स्क्रू फळीवर टेकवला, बटण दाबलं. एक वेढा गेला असेल नसेल, टोक स्क्रूच्या डोक्यावरून उडालं आणि कटकटकट वाजायला लागलं. पुन्हा लावलं. पुन्हा उडालं. तिसऱ्यांदा स्क्रूच आडवा झाला.

“बघ,” अण्णा म्हणाले. कपाळावर घाम आला होता. “हाय का जोर? तूच सांग.”

मी बॅटरीकडं बघतच नव्हते. मी त्यांच्या उजव्या हाताकडं बघत होते. अंगठ्याच्या बुडाशी तळहाताला जो फुगवटा असतो ना, तो नव्हताच. तिथं खड्डा होता. कातडं आत गेलेलं. ज्या हातानं आख्ख्या तालुक्याची दारं चढवली, तो हात लहान मुलानं मूठ आवळल्यासारखा मशीनला कसाबसा धरून होता आणि कोपरापासून थरथरत होता. मशीन नुसतं फिरवून भागत नाही, त्यावर रेटा द्यावा लागतो. तो रेटा माणसानं द्यायचा असतो, बॅटरीनं नाही.

मी सदाकडं बघितलं. तो मान खाली घालून जमिनीवरचा भुसा पायानं बाजूला सारत होता. दुकानात जे तोंडाला येईल ते मी त्याला बोलले होते, ते सगळं आठवलं आणि मला अगदी रडायला आलं.

“काय गं पोरी?” मामांनी विचारलं. “मेल्यात का न्हाईत?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हौसाक्का ट्रे तसाच धरून उभ्या. मी तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार ते मलाच माहीत नव्हतं.

“मेल्यात,” मी म्हणाले.

सदानं डोळे मिटून घेतले.

“पण सदानं नाही मारल्या. कुणीच नाही मारल्या. वय झालं त्यांचं. बॅटरी वापरा नाहीतर देव्हाऱ्यात ठेवा, वय झालं की ती जातेच. माझ्या दुकानात रोज येतात अशा. त्यात कुणाची काय चूक?”

मनात म्हटलं, वा इंदू, साप मेला आणि काठीही मोडली नाही. वाटणी टळली, सदावरचा आळ गेला, अण्णांचं झाकलेलं झाकलेलं राहिलं. खोटं बोलल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

“झालं तर मग!” मामांनी मांडीवर थाप मारली. “आता वाटणी कसली? चहा दे गं हौसा. सदा, उचल ती पोती.”

सदा पोत्यांकडं वळला. अण्णा जागचे हलले नाहीत. त्यांनी मशीन फळीवर ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. आजारी माणूस डॉक्टरच्या तोंडाकडं बघतो तसे बघत होते.

“इंदे, तुझा बाप कधी खोटं बोलला न्हाई,” ते म्हणाले.

“अण्णा, मी कुठं...”

“हौसा, मागल्या आठवड्यात देव्हाऱ्याच्या फळीला स्क्रू कुणी मारला?”

हौसाक्कांनी ट्रे मामांच्या खुर्चीशेजारी ठेवला. “ते कशाला आता?”

“कुणी मारला?”

“मी.”

“कुठल्या बॅटरीवर?”

“ह्याच.”

“उभ्या जन्मात हिनं मशीन हातात धरलं नव्हतं,” अण्णा म्हणाले. “तरी लोण्यात बोट जावं तसा गेला स्क्रू. मी बघतच उभा होतो.”

“मग माझ्याकडं कशाला आणल्या, अण्णा?” मला राहवलं नाही. “तुम्हाला माहीत होतं की चांगल्या आहेत.”

“वाटलं, तुला तरी कायतरी सापडंल. एखादा सेल. तू मेल्या म्हणालीस की मेल्या, असं ठरवलं होतं मी. मग मनाला पटवणार होतो की हौसाचा स्क्रू कसातरी गेला असंल. तू म्हणालीस, मेल्यात. आणि माझ्या हाताकडं बघत म्हणालीस. तू असलं खोटं का बोलंशील? तुला दया आली म्हणून बोललीस. आता कुठं पटवू मनाला?”

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

“काय झालंय?” मामा सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होते. “मला म्हाताऱ्याला कुणी सांगंल का काय झालंय?”

अण्णांनी उजवा हात त्यांच्यासमोर धरला. “हात गेला, मामा. लई दिवस झालं. शीर दबलीया म्हणत्यात. डॉक्टर म्हणाला, आधी यायला पायजे होतं. कपबशी धरवत न्हाई नीट. म्हणून मी कुणाच्यात चहा पीत न्हाई.”

“मग ह्या बिचाऱ्या सदावर कशाला आळ घेतलास?”

“कुणावर तरी घ्यायला पायजे होता.” अण्णांचा आवाज फाटला. “वेगळं झालो असतो तर एकट्याच्या शेडमधी कोण बघतंय? दिवसाला एक बिजागरी बसवली असती. फिरून फिरून बसवली असती. हा शेजारी असला की ह्याच्या डोळ्यांफुडं... मी ह्याला पटाशी धरायला शिकवलीया, मामा. ह्याच्या डोळ्यांफुडं माझ्या हातनं स्क्रू पडायचा, हे मला सोसंना.”

मग सदा म्हणाला, “अण्णा, मला म्हाईत होतं.”

“काय म्हाईत होतं?”

“हाताचं. दिवाळीपासनं म्हाईत हाय.”

“कसं?”

“तुमचं स्क्रू ढिलं राहायचं.” सदा अजूनही भुशाकडंच बघत बोलत होता. “तुम्ही घरी गेला की मी माघारी यायचो आणि रोज आवळायचो. बाहेर गावातलं काम असलं तर पक्कड विसरली म्हणून सांगून पुन्हा जायचो.”

अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ते खाली बसतील, नाहीतर भावाला मिठी मारतील. पण ते एकदम गरजले, “म्हंजे त्या निकमांच्या कपाटाला दोन इंची स्क्रू तू घातलास?”

“व्हय.”

“गाढवा! मी दीड इंची घालून आलो, दुसऱ्या दिवशी बघतो तर दोन इंची! घरी येऊन हौसाला म्हणालो, हातासंगं माझं डोकंबी गेलं. रातची झोप उडाली माझी! आणि तू...”

“दीड इंचीचं भोक मोठं झालं होतं, अण्णा. तुम्ही चारदा काढघाल केली होती त्यात. दीड इंची बसतच नव्हता.”

“मग सांगायचं न्हाईस व्हय?”

“काय सांगू?” सदा पहिल्यांदाच मान वर करून मोठ्यानं म्हणाला. “कसं सांगू, अण्णा?”

मामा हसले. खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं, पण त्यांना हसू आलं आणि मग हौसाक्का पदरात तोंड घालून हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. अण्णाही हसले. त्यांचं ते जुनं, गडगडाटी हसू. ते हसू मध्येच कुठंतरी तुटलं आणि तो एवढा मोठा माणूस घोड्यावरच्या दारावर डोकं टेकवून हमसून हमसून रडायला लागला. सदाला काय करावं कळेना. तो त्यांच्याजवळ गेला, पाठीवर हात ठेवायला उचलला, तसाच खाली घेतला, आणि शेवटी एका पोत्यावरची अवजारं उचलून दुसऱ्या पोत्यावर ठेवायला लागला. मी आणि हौसाक्का त्याला मदत करायला बसलो. मामांनी माझा चहा पिऊन टाकला.

बऱ्याच वेळानं अण्णा उठले. टॉवेलनं तोंड पुसलं. दारावर भुसा बसला होता तो फुंकला. डाव्या हातानं कानावरची पेन्सिल काढली, काटकोन बघायचा गुण्या मागितला, आणि बिजागरी बसते तिथं दोन खुणा केल्या. रेघ थोडी वाकडी आली. त्यांनी ती खोडली आणि पुन्हा मारली.

“खुणा मी करीन,” ते म्हणाले. “भोकं तू पाड.”

“व्हय अण्णा.”

“आणि सदा.”

“काय?”

“संध्याकाळी चोरून यायचं न्हाई. आवळायचं तर माझ्या देखत आवळ.”

“व्हय, अण्णा,” सदा म्हणाला आणि त्यानं मशीन उचललं.